मनमाडहून आलेला कागद

नामपूरच्या बाजारात कांद्याची पारख असलेल्या पुष्कळ बाया मी पाहिल्या, पण सिंधुबाईसारखी दुसरी पाहिली नाही. ट्रॉली खळ्यात रिकामी झाली की बाकीच्या बाया वरचा थर बघत. सिंधुबाई कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायची, अगदी बुडातला कांदा काढायची आणि अंगठ्याने त्याची मान दाबायची. शेतकरी कुरकुरायचा, "काकू, वरचा बघा की, सोन्यासारखा हाय."

"वरचा तू मला दाखवायला ठेवलाय," ती म्हणायची. "तू लपवलेला मी बघते."

व्यापारी तिला याच गुणासाठी मानायचे. चौदा बायांची टोळी तिच्या हाताखाली होती. बारदानावर बसून दिवसभर निवड चालायची. मोठा माल एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, सडका टोपलीत. बाया गात, भांडत, हसत. सिंधुबाई हसायची नाही. तिची नजर कोणाच्या ना कोणाच्या हातावर असायची.

ही नजर तिच्यात जन्मजात नव्हती. तिचा नवरा कोंडाजी अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी शेतातून लंगडत आला आणि म्हणाला, काटा लागला, काही नाही झालं. तिने विश्वास ठेवला, पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. तो काटा नव्हता, सापाचा दात होता. दिवस मावळायच्या आत कोंडाजी गेला. त्यानंतर माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं काहीही सिंधुबाईने खरं धरलं नाही. दूधवाल्याचं नाही, भावजयीचं नाही, पोटच्या पोराचं मात्र धरलं. तिथे तिचा हात कधी बुडापर्यंत गेला नाही.

पोरगा रविराज. त्याची पिकअप गाडी होती. नामपूरचा कांदा मनमाडला रेल्वेवर पोचवायचा, कधी थेट सुरतेला न्यायचा. त्याची बायको निकिता देवळ्याकडची, बारावी शिकलेली, शिवणकाम जाणणारी. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस राहिले होते, पण चौथ्या महिन्यात गर्भ पडला. आता पुन्हा राहिले, आणि सिंधुबाईने देवीला नारळ बोलून ठेवला.

तिसऱ्या महिन्यात निकिता सटाण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन. सिंधुबाईने हे पहिल्याच दिवशी टिपलं. घरातली सगळी कागदपत्रं फळीवरच्या डब्यात असायची. निकिताचं गरोदरपणाचं कार्ड तिच्या पर्समध्ये राहू लागलं. जेवताना तांब्याभर पाणी पिणारी सून हात धुतल्यावर पुन्हा आतल्या खोलीत जाऊन पाणी पिऊ लागली. रविराजने दार लोटलं की आत कुजबुज व्हायची आणि कुजबुज थांबली की दोघांपैकी कोणीच बोलायचं नाही.

"काय म्हणले दवाखान्यात?" सिंधुबाईने विचारलं.

"रक्त कमी आहे म्हणे, आत्याबाई." सासूला आत्याबाई म्हणायची तिची माहेरची सवय.

"रक्त कमी असलं की माणूस नवऱ्याच्या तोंडाकडं बघायचं सोडतं का?"

निकिता पीठ मळत राहिली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी निकिता नळावर गेली असताना सिंधुबाईने आतली खोली उघडली. शिवणाच्या चिंध्यांच्या पिशवीत, अगदी तळाला, तिच्या हाताला बाटली लागली. गोळ्यांची पांढरी बाटली. हलवली तर आवाज नाही. झाकण काढलं तर वर कापूस ठासलेला, वाजू नये म्हणून. कापूस पाहून सिंधुबाईची खात्री पटली. औषध कोणीही घेतं. कापूस तोच कोंबतो, ज्याला लपवायचं असतं.

नामपुरात दाखवली असती तर दुपारपर्यंत गावभर झाली असती. म्हणून तिने टोळीला सांगितलं की डोळे दाखवायला जाते, आणि एसटीने सटाणा गाठला. तिथल्या एका औषधांच्या दुकानात बाटली काचेवर ठेवली.

दुकानदाराने लेबल वाचलं आणि आवाज खाली आणला. "आजी, ही कोणाची?"

"सापडली."

"ही सापडत नसते, आजी. ही सरकारी दवाखान्यातून मोजून देतात."

"कशाची हाय ते सांग की."

त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं. "एचआयव्हीची. ज्याची असेल त्याला परत द्या. एक दिवससुद्धा चुकवायची नसते."

पहिलं वाक्य सिंधुबाईने ऐकलं. पुढची दोन तिच्या कानांवरून गेली. बाटली पदराच्या गाठीत बांधून ती घरी आली. तेव्हा निकिता ओट्यावर तांदूळ निवडत होती. सिंधुबाईने गाठ सोडली आणि बाटली सुपात ठेवली. संतापली की तिची अहिराणी बाहेर यायची.

"हाई काय शे?"

निकिताचे हात थांबले. तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "आत्याबाई, मी सांगणार होते."

"कोनापासून आनलं?"

"मला माहीत नाही."

"रोग तुझ्या अंगात निघाला, न तुलेच माहीत नई?"

"माझं पोट वाढलं म्हणून माझं रक्त बघितलं, आत्याबाई. प्रत्येक गरोदर बाईचं बघतात. यांचं कोणी बघितलंच नाही. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या नवऱ्याला घेऊन या, तीनदा म्हणाल्या. हे येत नाहीत." मग ती उठली, पर्समधून जुनं पिवळं कार्ड काढलं, पहिल्या वेळचं. "हे बघा. दोन वर्षांपूर्वी याच घरातून गेले होते तपासायला. तेव्हा माझ्यात काही नव्हतं. लिहिलंय इथे."

सिंधुबाई चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून ओळ वाचली. ती ओळ खरी होती. दुसरी कोणी असती तर इथेच थबकली असती. पण संशयाला पुरावा दिला की तो पुराव्याला आपल्या बाजूने वळवून घेतो. सिंधुबाई म्हणाली, "मग या दोन वर्षांत तू शिवणाच्या क्लासला कुठं जात होतीस, तेच मला आता बघायचं हाय."

निकिता खाली बसली. बाटली मात्र सिंधुबाईने परत दिली नाही. पुरावा म्हणून ती पत्र्याच्या पेटीत कुलपात गेली.

रविराज आल्यावर मायने त्याच्यापुढे सगळं मांडलं. तो हबकल्यासारखा दिसला. निकिताने त्याला दोन महिन्यांपूर्वीच सांगितलेलं होतं, पण त्याने तसं काही दाखवलं नाही.

"माय, मी माझी तपासणी करून येतो," तो म्हणाला. "सटाण्याला नको, वळखीचे लोक भेटतात. मनमाडकडं जातोच हाय, तिकडं करतो."

"कर," माय म्हणाली. "होऊन जाऊ दे दूध का दूध."

तिसऱ्या दिवशी त्याने कागद आणला. त्यावर रविराज कोंडाजी असं नाव होतं, वय होतं, आणि दोष नसल्याचा शेरा होता. सिंधुबाईने तो दोनदा वाचला. त्या क्षणी तिला जी शांती वाटली तिची तिला पुढे फार लाज वाटली, पण ती शांती वाटली होती हे तिने माझ्यापासून लपवलं नाही. ही गोष्ट सासू आणि सून दोघींनी मला समोरासमोर बसून सांगितली आहे, आणि नावं तेवढी बदल म्हणाल्या.

निकिताने कागद हातात घेतला, नवऱ्याकडे बघितलं. "खरंच तपासलं तुम्ही?"

"लिहिलेलं दिसत नाय का?" रविराज म्हणाला आणि गाडी धुवायला बाहेर गेला. गाडी आदल्याच दिवशी धुतलेली होती. सिंधुबाईने तेही पाहिलं, पण त्या दिवशी त्याचा अर्थ लावला नाही.

आमच्याकडे पहिलटकरणीला सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी पाठवतात. हिरवं लुगडं, नारळ, गहू, खण, पाच सवाष्णी. ओटी भरली की सून घरची, लेकरू घरचं. न भरता पाठवली की तिला टाकली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सिंधुबाईने निकिताला पाचव्याच महिन्यात, रिकाम्या पदराने, एका पिशवीनिशी देवळ्याच्या बसमध्ये बसवलं. निकिताने फक्त शिवणमशीन मागितलं, तेवढं पायदानाशिवायचं नेऊ दिलं. बस हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "बाटली द्या, आत्याबाई."

"तुझ्या मायला सांग दुसरी आनायला," सिंधुबाई म्हणाली.

शेजारणी विचारू लागल्या. पुतळाबाई नावाची समोरची म्हातारी ओट्यावरून ओरडून म्हणाली, "काय गं सिंधू, सून लवकरच धाडली? नारळ महाग झाले का काय?"

"हवापालट," सिंधुबाई म्हणाली.

"हवा तर हितं पन हाय की. फुकट हाय."

सिंधुबाईने दार लावून घेतलं.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी खळ्यात गोण्या भरण्याचं काम चाललं होतं. रविराजचा चुलतभाऊ गेणू, त्याच्याच वयाचा, त्याच गाडीवर बरोबर जाणारा, गोण्या उचलत होता. उकडत होतं म्हणून त्याने बाह्या वर सारल्या. सिंधुबाईची नजर सवयीने त्याच्या हातावर गेली. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा डाग होता, कडेने पिवळा, मध्ये जांभळा.

"गेणू, काय झालं रे?"

"कोपर आपटलं, काकू. गाडीच्या फाळक्यावर."

तिने सुई-सुतळी उचलली. पुढची गोणी शिवून झाली. मग तिच्या मनात आलं, कोपर आपटतं ते बाहेरून. आतून कोणाचं आपटतं? आतून तर रक्त काढायला सुई टोचतात.

घरी आली तेव्हा रविराज मोरीत उघड्या अंगाने तोंड धूत होता. तिने टॉवेल द्यायच्या निमित्ताने त्याचे दोन्ही हात बघितले. दोन्ही स्वच्छ. सुईचा ठिपका आठवड्यात पुसून जातो, हे तिलाही माहीत होतं. पण एकाचा पुसला आणि ज्याला टोचलंच नाही त्याच्या हातावर डाग राहिला, हे तिला पटेना. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या पोराच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता.

दुसऱ्या दिवशी तिने गेणूला खळ्यामागच्या बाभळीखाली गाठलं.

"तुझ्या बायकोला आज भेटनार हाय मी," ती म्हणाली. "विचारनार हाय, तुझा नवरा मनमाडकडं रक्त कशाला देऊन आला."

गेणू सहा फुटांचा गडी, दोन लेकरांचा बाप. त्याने तिचे पाय धरले. "काकू, पाया पडतो. तिला नको सांगू. मला टाकून माहेरी जाईल ती."

"मग मला सांग."

"रवी म्हनला विम्याचं काम हाय. मला शुगर निघंल, तुझं रक्त चांगलं हाय, माझ्या नावानं देऊन टाक. आपन नाय का, रेशनला येकमेकाचा नंबर लावतो? मला वाटलं तसंच. आत गेलो तर ती बाई खुर्चीवर बसवून काय काय विचाराया लागली. बाहेरच्या बायांकडं जाता का, अन् काय अन् काय. तवा कळलं कसली तपासनी ती."

"मग उठला का नाहीस?"

"नाव रवीचं सांगितलं व्हतं ना, काकू. आता रवीच म्हनून बसलो तर रवीच म्हनून उठायला लागंल. अन् वरून सुई दोनदा टोचली. दुसऱ्याच्या नावानं दोनदा!"

दुसरी वेळ असती तर सिंधुबाई हसली असती. ती तिथेच, खाली पडलेल्या बारदानावर बसली. पोराने स्वतःचं रक्त लपवलं, एवढंच नव्हतं. दुसऱ्याच्या रक्ताचा कागद मायच्या हातात देऊन त्याने मायच्याच हाताने बायकोला घराबाहेर काढलं होतं. ती बसमध्ये बसत असताना तो गाडीचे आरसे पुसत होता.

ती घरी गेली नाही. सरळ पिकअपजवळ गेली आणि दार उघडून आत बसली. रविराज धावत आला. "काय झालं माय?"

"सटाण्याला चल."

"कशाला?"

"तुला विम्याचं रक्त द्यायचं हाय."

त्याने चावी लावली, पण फिरवली नाही. हात चावीवरच ठेवून तो म्हणाला, "माय, मला उत्तर माहीत हाय. म्हनून गेणूला धाडलं."

"कवापासून माहीत हाय?"

"सुरतेच्या खेपा व्हत्या तवापासून भीती व्हती. निकिताचं निघालं तवा कळलंच."

"अन् तरी माझ्यापुढं कागद ठेवलास?"

"तू तिलाच धरलं व्हतंस, माय. मला वाटलं, राहू दे तसंच."

ते खरं होतं, हे सिंधुबाईला कळत होतं. खोट्या कागदासाठी जागा तिनेच झाडून ठेवली होती. ती म्हणाली, "चावी फिरव."

सटाण्याच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून योगिनीताई होत्या, निकिताला ओळखणाऱ्या. त्यांनी सिंधुबाईला बाहेर बाकावर बसवलं. "मावशी, हे त्यांचं आणि माझं बोलणं आहे." तासाभराने रविराज बाहेर आला आणि मायकडे बघून नुसती होकाराची मान हलवली. मग त्यानेच तिला आत नेलं.

"ताई," सिंधुबाईने विचारलं, "आधी कोनाला झालं, ते निघतं का यात?"

"नाही निघत. रक्तात कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. ज्याची तपासणी आधी होते त्याच्यावर घरची माणसं आळ घालतात. गरोदर बाईची आधी होते, म्हणून बहुतेक वेळा तिच्यावर."

"अन् पोटातलं लेकरू?"

"आईने रोज गोळी घेतली, खंड पडू दिला नाही, तर बहुतेक लेकरं सुटतात."

"बहुतेक?"

"सगळी म्हणणार नाही, मावशी. पण खंड पडू द्यायचा नाही."

सिंधुबाईने बोटांवर दिवस मोजले. बाटली तिच्या पेटीत होती. निकिताच्या हातून ती घेतल्याला आज नववा दिवस होता. दुकानदाराची ती दोन वाक्यं आता तिला शब्दन् शब्द ऐकू आली.

तिने नामपूरला गाडी थांबवली ती बाटली घेण्यापुरती. जाता जाता एका दुकानातून नारळ, खण आणि गहू घेतले. देवळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून निकिताचं माहेर. निकिताची आई चांगुणा दारातच उभी होती, कमरेला पदर खोचून. तिने सिंधुबाईच्या हातातल्या ओटीच्या सामानाकडे बघितलं.

"या विहीणबाई. आज कुठला कागद आणला?"

"मनमाडचा खोटा व्हता," सिंधुबाई दारातच म्हणाली. "सटाण्याचा खरा हाय. माझ्या पोरात पन हाय."

चांगुणा दारातून हलली नाही. "हे तुम्ही कोणाकडून ऐकलं? पोराकडून?"

"त्याच्याकडून ऐकलं असतं तर मी नसते आले."

आत निकिता मशीनवर बसलेली होती. सिंधुबाईने बाटली पुढे केली. शब्द नीट फुटेनात. "नऊ दिवस... नऊ दिवस तुझ्या गोळ्या माझ्या पेटीत व्हत्या. लेकराला काय झालं असंल तर..."

निकिताने मशीनच्या लाकडी बैठकीतला लहान खण ओढला. आतून स्टीलची डबी काढली, उघडून दाखवली. "एकही दिवस चुकला नाही, आत्याबाई. बाटलीत मी अर्ध्याच ठेवायचे. तुम्ही घरातलं सगळं उघडून बघता हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

सिंधुबाई मटकन खाली बसली आणि रडली. चांगुणाने पाणी आणलं, पण आधी निकिताकडे बघून, द्यायचं का असं डोळ्यांनी विचारून.

"ओटी भरू का?" सिंधुबाईने विचारलं.

"भरा. लेकराची आहे, मी नाही म्हणणार नाही. पण बाळंत होईपर्यंत मी इथेच राहणार. आणि यांनी त्यांची गोळी सुरू करायची. रोज मला दाखवून."

"दाखवून म्हंजे?" रविराज उंबऱ्याबाहेरून म्हणाला. त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं.

"फोनवर. व्हिडिओ लावून."

आणि तसंच झालं. पुढचे चार महिने रोज जेवणानंतर नामपूरच्या त्या घरात फोन वाजायचा. सिंधुबाई फोन धरायची, रविराज गोळी जिभेवर ठेवून पाणी प्यायचा. पलीकडून निकिताचा आवाज यायचा, "तोंड उघडा. जीभ वर करा. आत्याबाई, गालात बघा." सिंधुबाई चष्मा लावून पोराच्या गालात बघायची. एकदा रविराज चिडला, "मी काय चोर हाय का?" दोन्ही बाया एकदम म्हणाल्या, "हो."

मुलगी झाली, नाशिकच्या सरकारी दवाखान्यात. नाव संजना ठेवलं. पहिल्या दिवसापासून तिला औषधाचं सिरप होतं. ते निकिता स्वतःच्या हाताने द्यायची. सिंधुबाईने एकदा बाटली नुसती उचलून लेबल बघितलं, तर निकिताने ती हातातून काढून घेतली, झाकण तपासलं आणि उजेडाकडे धरून औषध किती आहे ते पाहिलं. सिंधुबाई दुपट्यांच्या घड्या घालू लागली.

दीड महिन्याची झाल्यावर लेकराच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. कागद यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे सिंधुबाईने देवळ्यातच काढले, टोळी पुतळाबाईच्या सुनेकडे सोपवून. कागद घ्यायला निकिता, चांगुणा आणि सिंधुबाई सटाण्याला गेल्या. योगिनीताईंनी निकिताला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावरून काहीच कळेना. मुलीला खांद्यावर नीट घेत ती म्हणाली, "रोग सापडला नाही."

सिंधुबाईने बाकाला हात टेकला. मग म्हणाली, "झालं ना मग. आता घरी चल. आता तरी मन साफ कर, माझ्यावर नको पन रवीवर तरी भरोसा ठेव."

"घरी येते," निकिता म्हणाली. "हिच्या अजून तपासण्या आहेत. सहा महिन्यांची झाली की, वर्षाची झाली की, आणि दीड वर्षाची झाली की शेवटची. तोवर मी कोणाच्याच तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आत्याबाई. तुमच्याही नाही."

"नको ठेवू," सिंधुबाई म्हणाली. "मीबी नसता ठेवला."

मग तिने दुपट्यांची पिशवी उचलली आणि पुढची तारीख कोणती ते कार्डावर स्वतः बोट ठेवून वाचून घेतलं.